जादा काडतुसं किती बाळगावीत, याविषयी मामांस

मुक्काम खमीस मुशैतच्या पुढचा डोंगर,
शुक्रवार, सुट्टीचा वार

तीर्थरूप मामा,

तुमच्या दौलतचा साष्टांग नमस्कार. खरं तर साष्टांग घालायची फार इच्छा आहे, पण आमच्या खोलीत तेवढी जागा नाही. डोकं दाराशी ठेवलं तर पाय शारीकच्या खाटेखाली जातात, आणि त्या खाटेखाली काय काय आहे ते खुद्द शारीकलाही माहीत नाही. (शारीक म्हणजे माझा खोलीतला जोडीदार, म्हसळ्याचा, प्लंबर. माणूस लाख, पण स्वतःला फार शहाणा समजतो. पुढे त्याची कहाणी येईलच.) तेव्हा तूर्त अर्धा नमस्कार स्वीकारावा, उरलेला सुट्टीवर आलो की अंगणात घालीन. ठकूमामीलाही नमस्कार. तिचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला? गाय? गायीचं शेवटी विचारलं म्हणून रागावू नका. मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं, आणि मामीने पाठवलेल्या गोधडीशिवाय इथे माझा निभाव लागला नसता. वाडीत सगळ्यांना वाटतं सौदी म्हणजे वाळू आणि ऊन. मामा, इथे डोंगरावर सकाळी असं धुकं पडतं की समोरच्या माणसाला आधी खोकून दाखवावं लागतं. एसी दुरुस्तीचा कारागीर म्हणून मला इथे आणलं आणि दिवसभर मी हीटर दुरुस्त करतो, आता बोला.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं असं आहे की फोनवर तुमच्याशी बोलता येत नाही, फोनवर तुमचं ऐकता येतं. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, 'पुढे सरका' म्हणून गर्दीला दटावायची सवय, ती काही निवृत्तीनंतर जात नाही. मी तोंड उघडलं की तुम्ही मला पुढे सरकवता. पत्राला तुम्ही मध्येच थांबवू शकत नाही, फार तर चुलीत घालाल, पण मामी घालू देणार नाही. हे पत्र नागेश घेऊन येतो आहे, आपल्या पलीकडच्या वाडीतला, क्रेन चालवतो तो. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. ते तुमच्या डोळ्यांसाठी नव्हे, गैरसमज नसावा. तुमचे डोळे उत्तम आहेत असं तुम्ही स्वतःच सगळ्यांना सांगता, आणि तुमच्या डोळ्यांचं तुमच्याइतकं कोणाला कळणार? पेन जाड आहे, एवढंच. तरीपण मामीला वाचून दाखवायला सांगा, तिला वाचनाची आवड आहे.

आता तुमच्या निरोपाकडे वळतो. व्हॉट्सअॅपवर तुम्ही जो निरोप बोलून पाठवलात (तो संपेपर्यंत शारीकची दाढी, अंघोळ आणि चहा उरकला), त्यात तुम्ही स्वसंरक्षणाचं सगळं शास्त्र उलगडून सांगितलंत. ते मला लहानपणापासूनच तोंडपाठ आहे. गाडी सुटायच्या आधी कंडक्टरच्या पिशवीत सुट्टे पैसे हवेत, वाटेत कोणासमोर हात पसरायचा नाही, आणि काडतुसांचंही अगदी तेच. दोन नळीत, दोन शर्टाच्या खिशात, आणि बाकीची तिकिटांच्या जुन्या चामडी पिशवीत, ती पिशवी कायम खांद्याला. कारण रानडुक्कर अंगावर आलं की तुमच्याकडे सुट्टे आहेत का, हे विचारत थांबत नाही. वा, मामा! हे वाक्य मी खोलीत सगळ्यांना ऐकवलं. मग शेवटी तुम्ही मला विचारलंत की दौलत, परक्या मुलखात राहतोस, रोज डोंगरातून चालत कामावर जातोस, तर रक्षणाला जवळ काय ठेवतोस आणि जादा किती ठेवतोस?

पहिली गोष्ट, हा प्रश्न पुन्हा असा मोठ्या आवाजात पाठवू नका. खमीस हे लष्कराच्या छावणीचं गाव. मी तुमचा निरोप सुट्टीच्या दिवशी बाजाराला नेणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये स्पीकरवर लावला होता. मराठी कोणाला कळत नव्हती, पण काडतूस हा शब्द हिंदीवाल्यांना कळतो आणि उर्दूवाल्यांनाही कळतो. शेजारी बसलेला पेशावरचा वेल्डर उठून मागच्या सीटवर जाऊन बसला आणि खमीस येईपर्यंत माझ्याकडे बघून नुसता अदबीने मान हलवत होता. तेव्हापासून बसमध्ये मला खिडकी मिळते, ती गोष्ट वेगळी. पण कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर मी इथे आलो त्या मालकाच्या, कानावर गेलं असतं तर माझा इकामा (राहायचा परवाना) आणि मी दोघेही पुढच्या विमानात असतो.

दुसरी गोष्ट. तुमच्या निरोपात सगळं होतं, बुजगावण्याचं मात्र कुठे नाव नव्हतं. ते मामीने सांगितलं, आईने सांगितलं, आणि वाडीतल्या ज्याच्याकडे माझा नंबर आहे त्या प्रत्येकाने सांगितलं. संध्याकाळी काजूच्या बागेत डुक्कर शिरलं म्हणून तुम्ही बार काढलात, आणि ते निघालं बुजगावणं. तेही परकं नव्हे. तुम्हीच उभं केलेलं, तुमचाच खाकी शर्ट घातलेलं, खिशावर तुमचाच कंडक्टरचा बिल्ला लावलेलं! तुमचं म्हणणं, तुम्ही नेम तपासत होता. मान्य, नेम उत्तमच आहे. बिल्ल्याच्या खाली शर्टाची नुसती चाळण. एसटीनेही तुम्हाला निवृत्त करताना इतकी घाई केली नव्हती. तेव्हापासून सगळं घर तुमच्या मागे लागलं आहे की मोतीबिंदू काढून होईपर्यंत बंदूक हातात धरू नका, आणि जो कोणी हे म्हणतो त्याच्याशी तुम्ही बोलणं टाकता. आईशी टाकलंत. सरपंचाशी टाकलंत. मामीशी टाकायचा प्रयत्न केलात, पण जेवायला मागावं लागतं म्हणून ते टिकलं नाही. मी तुम्हाला काही सांगणार नाही. बाप गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, बेचकीचा नेम तुम्ही शिकवलात, माझ्याशी तुम्ही बोलायचं थांबलात तर मला सोसणार नाही. मला भीती मात्र वाटते, ती लिहून ठेवतो. ती बाग म्हणजे अर्ध्या वाडीची जायची-यायची वाट आहे. बस, एवढंच. यापुढे फक्त माझी हकिकत.

तर मामा, स्वसंरक्षणाची गरज मलाही पडली. माणसांपासून नव्हे, इथली माणसं देवमाणसं आहेत. माकडांपासून. आमची राहायची जागा एका बाजूला, नव्या हॉटेलचं काम दुसऱ्या बाजूला, आणि मधला रस्ता दरीच्या काठाने जातो. त्या रस्त्याच्या कठड्यावर ही मंडळी बसलेली असतात. आपल्या वांदरांचा आणि यांचा काही संबंध नाही. तोंड कुत्र्याचं, अंग पैलवानाचं, आणि नर असेल तर खांद्यावरून खाली करड्या केसांची झूल. लग्नात सत्काराची शाल मिळालेले मोठे पाहुणे पंगतीची वाट बघत बसतात ना, हुबेहूब तसे बसतात. (मागच्या बाजूचं वर्णन करत नाही, मामी मोठ्याने वाचते आहे.) पर्यटक मोटारीतून येतात, आणि खायला घालू नका म्हणून पाट्या लावलेल्या असतानाही खिडकीतून पाव टाकतात. त्यामुळे माणूस म्हणजे पावाचं चालतं-बोलतं दुकान, अशी या मंडळींची ठाम समजूत झाली आहे.

पहिल्याच आठवड्यात माझा डबा गेला. एक धिप्पाड नर कठड्यावरून उतरला, रेशनच्या रांगेत आपला नंबर आल्यासारखा शांतपणे चालत आला, आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. ओढली नाही, हो, काढून घेतली. मी सोडली म्हणा ना. पुढे त्याने डबा उघडला, पोळ्या कुटुंबात वाटल्या, आणि मामीचं कैरीचं लोणचं तोंडात टाकलं. मग जे तोंड केलं आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं! हे कोणी घातलं, असं सरळ सरळ विचारत होता. मामी, मनाला लावून घेऊ नकोस. त्याला चव नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमचं शास्त्र वापरलं. तुम्ही मला लहानपणी शिकवलंत की वांदर दिसलं की नुसतं खाली वाकायचं, दगड हातात घ्यायचीही गरज नाही, वाकलं की ते पळतं. आपल्या बागेत हे मी हजारदा केलं आहे आणि कधी चुकलेलं नाही. मी वाकलो. तर ते माकड चार पावलं पुढे आलं आणि तेही वाकलं, मी खाली काय ठेवलं ते बघायला. आम्ही दोघे समोरासमोर वाकून एकमेकांकडे बघत होतो. तेवढ्यात एक मोटार थांबली आणि आतल्या माणसांनी आमचा फोटो काढला.

मग मी बेचकी केली. इथे अरार नावाचं झाड आहे, त्याच्या पडलेल्या फांदीतून छान दुबेळकं मिळालं, नागेशने सायकलची ट्यूब दिली. पण दगड मारायचे नव्हते. एक तर इथे जनावराला इजा केली तर मोठा दंड आहे, आणि दुसरं म्हणजे त्या नराला दगड मारून त्याच रस्त्याने परत यायचं धाडस माझ्यात नव्हतं. तेव्हा दारूगोळा म्हणून मी खजुराच्या बिया निवडल्या. हलक्या, गोल-लांबट, लागल्या तरी नुसतं दचकवणाऱ्या. आणि पुरवठा विचारू नका! आमच्या बराकीत खजूर खाणारी चाळीसेक माणसं. मी खाटेखाली डबा ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, बी फेकायची नाही, इथे टाकायची. आठवड्यात डबा शिगोशीग.

आता प्रश्न तुमचाच आला: जवळ किती ठेवायच्या? मी तुमच्या हिशेबाने सुरुवात केली. एक बेचकीत, दोन हातात, मूठभर खिशात. शारीकने पहिल्या दिवसापासून विरोध केला. त्याचं म्हणणं, काही म्हणजे काहीच जवळ ठेवू नये, मोकळ्या हाताने जावं, माकडाला भांडण नको असतं. मी म्हटलं, तू म्हसळ्याचा, तुला काय माहीत. तो म्हणाला, म्हसळ्यात माकडं नाहीत का? यावरून आमची तीन दिवस जुंपली होती. पहिल्या सकाळी मी बी मारली, नराच्या पोटाला लागली, तो थांबला, इकडे-तिकडे बघितलं. मला वाटलं, जिंकलो. पण परत येताना तीन नर होते. मी ठरवलं, मूठभर कमी पडतं. दोन्ही खिसे भरले. त्या दिवशी सात-आठ जण आले, बायका-मुलांसह. मग मी कव्हरॉलचे मांडीवरचे खिसेही भरले, आणि तरी धीर होईना म्हणून मामीने लाडू पाठवले होते ती कापडी पिशवी कमरेला बांधून तीही भरली. चालताना मी पैंजण घातल्यासारखा वाजत होतो. आणि मामा, जेवढा माझा साठा वाढला तेवढी शत्रूची संख्या वाढली! शेवटी शेवटी मी पुढे आणि मागे सगळा कळप, अशी आमची वरात कामावर जायला लागली. हॉटेलच्या गेटवरचा पहारेकरी मला विचारायचा, आज सगळे आले का?

हे असं का होतंय, ते माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. (हसू नका.) अहो, ती माकडं रोज काय बघतात? मोटारीतला माणूस खिशात हात घालतो, काहीतरी काढतो आणि त्यांच्याकडे टाकतो. मीही तेच करत होतो. फुगलेले खिसे, त्यात घातलेला हात, आणि खजुराचा वास. आपल्याकडे खिशात हात गेला की वांदर समजतं की आता मार बसणार. इथे माकड समजतं की आता वाढप सुरू. मी ज्या बिया मारायचो त्या उचलून ती मंडळी मजेत चोखत होती, कारण आमच्या बराकीतली माणसं घाईत खातात, बीला बराच गर राहतो. म्हणजे मी महिनाभर जीव मुठीत धरून त्यांच्यावर गोळीबार करत होतो आणि त्यांच्या लेखी मी एक लांबून वाढणारा, जरा तिरसट, पण दानशूर माणूस होतो.

पण हे मला नंतर कळलं. त्याआधी धुक्याचा दिवस उजाडला. आमचा साइटचा मुदीर, म्हणजे साहेब, त्याला सगळे अबू अरवा म्हणतात. अरवा ही त्याची मुलगी, म्हणून हा अरवाचा बाप. (इथे माणसाला लेकराच्या नावाने हाक मारायचा मान आहे. वाडीत तुम्हाला दौलतचा मामा म्हणतात तसंच.) भारदस्त माणूस, थंडीत फरवा घालतो. फरवा म्हणजे आतून मेंढीची लोकर लावलेला जाड झगा, कॉलरवरही लोकर. तर त्या सकाळी धुक्यातून मी निघालो, कमरेला पिशवी, चारही खिसे भरलेले, जीव धास्तावलेला. गेटच्या अलीकडे कठड्यावर मला तो दिसला. तोच. रुंद पाठ, खांद्यावर करडी झूल, मान खाली घालून काहीतरी खात बसलेला. एवढा मोठा मी पूर्वी पाहिला नव्हता. मनाशी म्हटलं, दौलत, हा त्यांचा राजा, याला पहिल्याच फटक्यात दचकवलंस तर बाकीचे गपगार. आणि मी बेचकी ताणली.

मामा, नेम तुम्ही शिकवलेला आहे. चुकत नाही.

राजाने अरबीत अशी काही आरोळी ठोकली की दरीतून ती दोनदा परत आली. गहव्याचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, पेला एकीकडे, खजुराची बशी दुसरीकडे, आणि अबू अरवा मानेवर हात दाबून उभा. मी तिथेच थिजलो. धुकं होतं, मामा. मला खरोखरच दिसलं नाही. मी अगदी खात्रीने तुम्हाला सांगितलं असतं की ते माकडच आहे, पैज लावली असती. डोळ्यांत काही दोष नसताना, भर सकाळी. आणि माझ्या बेचकीत खजुराची बी होती म्हणून तो माणूस शिव्या द्यायला उभा होता.

त्याने मला ऑफिसात नेलं आणि टेबलावर खिसे रिकामे करायला सांगितले. मी उजवा खिसा रिकामा केला, त्याने बघितलं. डावा केला, भुवया चढल्या. मांडीवरचे खिसे केले, तेव्हा त्याने खुर्ची मागे सरकवली. मग मी कमरेची पिशवी सोडली. बिया टेबलावरून घरंगळत खाली, तिथून दारापर्यंत, आणि ऑफिसातला पाकिस्तानी मुन्शी पाय वर घेऊन बसला. अबू अरवाने ढिगातली एक बी उचलून बघितली आणि हिंदी-अरबी मिसळून विचारलं, तुझं युद्ध नक्की कोणाशी आहे? मी सगळं सांगितलं. माकड, डबा, लोणचं, तुमचं सुट्ट्या पैशांचं शास्त्र, सगळं. नोकरी जाणार हे मी धरूनच चाललो होतो, घरी काय तोंड दाखवायचं याचा विचार करत होतो. तर तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला. फोन काढून त्याने बायकोला लावला आणि तिला पहिल्यापासून सगळं ऐकवलं, आणि मधूनमधून माझ्याकडून तपशील तपासून घेत होता. मग त्याने शिक्षा सुनावली: बेचकी जप्त, बिया जप्त, आणि आजपासून या रस्त्याने चालताना सगळे खिसे उलटे करून बाहेर लोंबत ठेवायचे, म्हणजे त्याला लांबून दिसेल की मी निःशस्त्र आहे. खलास. यल्ला, कामाला लाग.

संध्याकाळी मी तसाच निघालो. चारही खिसे कुत्र्याच्या कानांसारखे बाहेर लोंबत होते, दोन्ही हात मोकळे. कठड्यावर सगळा कळप बसलेला. आज आपलं काही खरं नाही म्हणून मी रामनाम घेतलं. तो मोठा नर उठला, जवळ आला, माझ्या उलट्या खिशांकडे बघितलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आणि मामा, त्याच्या चेहऱ्यावर जी निराशा आली ती मी विसरणार नाही. दिवाळं निघालेल्या माणसाकडे जुनी गिऱ्हाइकं बघतात, तसं बघितलं त्याने. मग तो वळला आणि गेला. त्याच्यामागे सगळे गेले. कुठे गेले, तर माझ्या मागून शारीक येत होता त्याच्याकडे! मोकळ्या हाताने जावं म्हणणारा हा साधुपुरुष रोज खिशात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा घेऊन चालायचा, आणि मी पुढे वरात घेऊन जात असल्यामुळे आजवर त्याचं कोणाला कळलं नव्हतं. त्याचा खिसा शिलाईपासून फाटला. त्या दिवसापासून तो स्वसंरक्षणावर बोलत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर, अनुभवांती: जादा किती, तर काहीच नाही. महिनाभर झाला, रिकाम्या खिशाने जातो-येतो, डबा शाबूत आहे, मंडळी मला ओळखही दाखवत नाहीत. अबू अरवा भेटला की आधी कॉलर वर करतो आणि मग सलाम करतो, एवढाच काय तो माझ्या पराक्रमाचा डाग उरला आहे. हे उत्तर इथल्या माकडांपुरतं आहे. तुमच्या डुकरांबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही, हे कृपया ध्यानात घ्यावं.

थांबतो, कागद संपत आला आणि नागेश बॅगेवर बसून चेन लावतो आहे. तब्येतीला जपा, मामीवर ओरडू नका, आणि माझ्याशी बोलत राहा.

तुमच्या हाताखाली नेम शिकलेला आणि त्याची किंमत मोजलेला,
दौलत

ता. क. खजूर पाठवले आहेत, मऊ आहेत, मामीच्या दातांना चालतील. खाऊन झाल्यावर बिया फेकून द्या. साठवू नका.

ता. क. दुसरा. मी तुम्हाला काही सांगणार नाही असं वर लिहिलं आहे, आणि मी शब्दाला पक्का आहे. मी सांगत नाही, नागेश सांगेल. तो नुसतं पत्र द्यायला आलेला नाही. सोमवारी सकाळी तो जीप घेऊन दारात येईल, रत्नागिरीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मामीने नाव घातलेलं आहे. तुम्ही काय वाटेल ते बोला, क्रेनवर काम करून करून नागेशला ऐकू कमी येतं, म्हणूनच त्याची निवड केली. आणि बंदूक तेवढे दिवस पोलीस ठाण्यात जमा करा. दर निवडणुकीला करताच की, तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून जाता आणि पावती मिरवता. समजा, निवडणूक लागली आहे.

ता. क. तिसरा. रिकाम्या खिशाने चालतो असं लिहिलं ते तसं खरं आहे. पण एक बी ठेवतो. मारायला नाही. बोटांना चाळा म्हणून. एकदम सगळं सोडायला माणसाला किती जड जातं ते मला कळतं मामा, म्हणून सांगितलं.

ता. क. शेवटचा. मामी, हा मोठ्याने वाच.

मामा, तुम्ही आईला म्हणालात म्हणे की भाचेसून हल्ली भारी खुशीत दिसते, संध्याकाळी दूध घेऊन येताना बागेतून सगळी वाट गात येते. आईने मला सांगितलं, मलाही बरं वाटलं. मी किशोरीची फोनवर चेष्टा केली. लग्नात नाव घेताना जिचा आवाज शेजारी बसलेल्या मला ऐकू आला नाही, ती गाते कधीपासून? आधी हसली, मग विषय बदलायला बघितलं. मी फारच लावून धरलं तेव्हा म्हणाली, गाणं कसलं, जे तोंडात येईल ते ओरडते. मामांना कळायला हवं ना, माणूस येतंय म्हणून. सांजावलं की अजून मोठ्याने. तुम्हाला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे, ती मी आज मोडली. तिच्यावर रागावू नका, तुमच्यावर तिचा फार जीव आहे, म्हणून तर ती वाट बदलत नाही. डोळ्यांवरची पट्टी सुटली की तिला तेवढं सांगा, पोरी, आता गप्प आलीस तरी चालेल.